वाचनालयातली टचस्क्रीन आपोआप पानं उलटते, काच खरंच बदलावी लागेल का?

पेठेतली ग्रंथपाल | २४ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी,

सोलापूरच्या पूर्व भागात एका पेठेत 'क' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे मी २२ वर्षं ग्रंथपाल आहे. दसऱ्याला आमच्या एका जुन्या सभासदांनी वडिलांच्या स्मरणार्थ वाचनालयाला टचस्क्रीन दिली. ४३ इंची, लोखंडी स्टँडवर उभी बसवलेली, मागे वहीएवढा छोटा कॉम्प्युटर. विंडोज १० होम, ४ जीबी रॅम. काचेभोवती पाऊण इंच रुंदीची काळी चौकट आहे, ती काचेच्या थोडी वर उचललेली आहे.

त्यावर दोनच गोष्टी ठेवायच्या ठरल्या. एक, आमची कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमधली ग्रंथसूची. दुसरी, जुन्या सोलापूरचा फोटोसंग्रह, जो सभासदांच्या घरोघरी जाऊन आम्ही जमवलाय. त्यात १९३० च्या मार्शल लॉच्या काळातली कात्रणं आहेत, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे या चार हुतात्म्यांची चित्रं आहेत, डॉ. कोटणीस आहेत, गिरणीच्या फाटकातून सुटलेली कामगारांची पाळी आहे. १२ जानेवारीला, चौघांना येरवड्यात फाशी दिली त्या तारखेला, शाळेची मुलं वाचनालयात येतात. त्याच आठवड्यात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते, त्यामुळे पेठेत घरोघरी पाहुणे असतात. तोवर हे नीट चालायला हवं.

दिवाळीपर्यंत छान चाललं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र बिघडलं. संध्याकाळी ४ ला वाचनालय उघडतो, तेव्हापासून साधारण साडेपाचपर्यंत स्क्रीन आपोआप पानं उलटते. कुणी जवळपासही नसतं. सहा वाजले की शांत. सकाळच्या वेळात तेवढं होत नाही, पण खालच्या डाव्या कोपऱ्यातलं बटण मधूनच दाबलं जातं. त्यात लाईट जाऊन आली की कॉम्प्युटर सुरू होत नाही, मागे हात घालून बटण दाबावं लागतं. मुलं कडेवरून बोट ओढतात आणि थेट डेस्कटॉपवर पोचतात.

ज्यांनी बसवून दिली ते म्हणतात काच खराब आहे, पूर्ण बदला. सांगितलेला आकडा आमच्या वर्षाच्या पुस्तकखरेदीएवढा आहे.

एक प्रसंग सांगते, म्हणजे मी का एवढी मागे लागलेय ते कळेल. आमच्याकडे एक आजोबा येतात, पंचाहत्तरीचे, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम होते. रोज पेपर वाचतात. त्यांना गिरणीचा फोटो दाखवायला मी स्क्रीनपाशी नेलं. त्यांनी बोट लावलं, फोटो एकदम फुगला आणि भलतीकडेच सरकला. त्यांनी हात काढून घेतला, सदऱ्याला पुसला आणि मला विचारलं, "माझ्यानं बिघडलं काय ओ बाई?" नाही म्हटलं तरी त्यांना पटलं नाही. तेव्हापासून पेपर वाचून सरळ बाहेर जातात, स्क्रीनच्या बाजूला फिरकत नाहीत.

---

सात रस्ता | २४ नोव्हेंबर

ताई, काच अजिबात बदलू नका. तुम्ही चौकटीचं वर्णन केलंय त्यावरून ही इन्फ्रारेड फ्रेम आहे. यात काचेला स्पर्श कळतच नाही, काच साधी असते. चौकटीच्या दोन बाजूंना डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे बारीक दिवे असतात आणि समोरच्या दोन बाजूंना तो प्रकाश टिपणारे सेन्सर. काचेच्या वर किरणांची उभी-आडवी जाळी तयार होते, आपल्याकडच्या मागावरच्या ताण्या-बाण्यासारखी. बोट मध्ये आलं की एक उभा आणि एक आडवा किरण तुटतो आणि जागा कळते. बोटच असायला पाहिजे असं काही नाही. पेन, काठी, पदर, माशी, काहीही चालतं.

मी सोलापुरात असल्या स्क्रीन दुरुस्त करतो. तीन गोष्टी विचारतो, उत्तरं द्या.

वाचनालयाचं दार कुठल्या दिशेला आहे, आणि संध्याकाळी ४ ला ऊन कुठवर येतं?

आजूबाजूला यंत्रमागाचा कारखाना आहे का?

त्या आजोबांनी उजव्या हाताचं बोट लावलं तेव्हा त्यांचा डावा हात कुठे होता?

आणि एक काम आजच करा. लोखंडी स्टँड आहे आणि वाचनालयात लोक चपला बाहेर काढून येतात. वायरमनला बोलवून स्टँडला अर्थिंग आहे का ते तपासून घ्या, नुसता थ्री-पिन प्लग दिसतोय म्हणून विश्वास ठेवू नका. जुन्या पेठांतल्या वाड्यांत तिसऱ्या भोकाला मागे वायरच नसते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. बाकी सगळं नंतर.

---

झटपट | २५ नोव्हेंबर

एवढा व्याप कशाला? दहा इंची अँड्रॉइड टॅब भिंतीवर लावा, स्क्रीन पिनिंग (एकच ॲप पडद्यावर अडकवून ठेवणं) चालू करा, झालं काम.

---

पेठेतली ग्रंथपाल | २५ नोव्हेंबर

झटपट, आमचे निम्मे वाचक साठीच्या पुढचे आहेत, मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेले. दहा इंचांवर गिरणीच्या फाटकातली माणसं त्यांना मुंगीएवढी दिसतील. या मोठ्या पडद्यावर एकेक चेहरा ओळखतात आणि नावं सांगतात, ती मी वहीत उतरवून घेते. त्यासाठीच हे चाललंय.

सात रस्ता दादा, तुमचा तिसरा प्रश्न वाचला आणि तो दिवस जसाच्या तसा डोळ्यांसमोर आला. आजोबांनी डावा हात चौकटीच्या खालच्या कडेवर टेकवला होता. गुडघे दुखतात त्यांचे, उभं राहायला आधार लागतो. अंगठा आतल्या बाजूला काचेवर आलेला होता.

दार नैर्ऋत्येला आहे. शेजारी भिंतीला भिंत लागून यंत्रमाग आहेत, सकाळी ८ पासून चालू असतात. वायरमन उद्या येतोय.

---

सात रस्ता | २५ नोव्हेंबर

मग तिन्ही कारणं सापडली ताई.

दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे सरकला. ऑक्टोबरात तुमच्या दारातून संध्याकाळचं ऊन कमी येत असणार, आता तिरपं होऊन आतपर्यंत येतं. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. ते थेट सेन्सरवर पडलं की त्याला आपल्या दिव्याचा किरण वेगळा ओळखता येत नाही. म्हणून ४ ते साडेपाच. खात्री करायची तर उद्या ४ वाजता दारावर जाड चादर टांगा आणि अर्धा तास बसून बघा.

सकाळचा खालचा डावा कोपरा म्हणजे सुताची धूळ. मागाच्या शेजारी हवेत तंतू उडतात, ते चौकटीच्या खालच्या कडेवर बसतात. सुट्टीत पुसणारं कुणी नव्हतं. ओल्या फडक्यानं पुसू नका, लगदा होऊन कोपऱ्यात चिकटेल. रंगकामाचा कोरडा मऊ ब्रश घ्या, स्क्रीन बंद करा, कड झाडा. काचेला कुणाचा हात नसताना परत चालू करा. बऱ्याच फ्रेम चालू होताना कुठले किरण मोकळे आहेत हे पाहून घेतात, तेव्हा कुणी टेकून उभं असेल तर दिवसभर चुकत राहतात.

आजोबांचं तर त्यांनी दोन ठिकाणी स्पर्श केला, एक बोट आणि एक अंगठा. कॉम्प्युटरला वाटलं दोन बोटांनी फोटो मोठा करायचाय. यंत्रानं त्याचं काम बरोबर केलं आणि आजोबांनीही बरोबर केलं. चुकलं ते बसवणाऱ्याचं, टेकायला जागाच ठेवली नाही.

---

पेठेतली ग्रंथपाल | २७ नोव्हेंबर

काल दारावर घरची दुहेरी चादर टांगली, तांबड्या काठाची. ४ ते पाच स्क्रीनसमोर खुर्ची टाकून बसले. पान एकदाही उलटलं नाही. पाच वाजता चादर काढली, तीन-चार मिनिटांत उलटायला लागलं. परत टांगली, थांबलं. चादर कायम टांगता येणार नाही, लोकांना वाटेल वाचनालय बंद आहे. म्हणून आज दोघा सभासदांच्या मदतीनं स्टँड काटकोनात फिरवून पूर्वेच्या भिंतीकडे नेला.

आणि ब्रश फिरवला तेव्हा खालच्या कडेतून अख्खी वात निघाली. करंगळीएवढी, करड्या रंगाची, मध्ये एक तांबडा आणि एक हिरवा धागा. शेजारी सध्या कुठल्या रंगाचा माल चाललाय ते त्यावरून कळत होतं. आता सकाळी उदबत्ती लावल्यावर लगेच ब्रश फिरवायचा, असं आमच्या शिपाईमामांनी स्वतःहून ठरवलंय.

अर्थिंग नव्हतं. तिसरं भोक मोकळंच होतं. दीड महिना लोक अनवाणी उभं राहून त्या लोखंडाला हात लावत होते, हे कळल्यावर मला रात्री झोप लागली नाही. वायरमननं नवीन वायर ओढली, आरसीसीबी बसवला आणि टेस्टचं बटण माझ्याकडून दाबून घेतलं. दर महिन्याला दाबायला सांगितलंय.

आता उरलं विंडोजचं.

---

कर्वेनगर | २८ नोव्हेंबर

मी पुण्यात संग्रहालयांच्या दालनांत अशा स्क्रीन बसवतो. तुमच्याकडे विंडोज १० होम आहे. एकाच ॲपमध्ये यंत्र बांधून ठेवायची सोय, तिला असाइन्ड ॲक्सेस म्हणतात, ती प्रो आवृत्तीपासून पुढे मिळते, होममध्ये नाही. शिवाय विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. ४ जीबीच्या यंत्रावर पैसे घालून नवीन विंडोज चढवण्यापेक्षा डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाका, एक्सएफसीई डेस्कटॉपसह. फुकट आहे आणि हलकं आहे.

पासवर्ड न विचारता एका साध्या युजरनं लॉगिन होऊ द्या, त्याला ॲडमिनचे अधिकार देऊ नका. लॉगिन झालं की एक छोटी स्क्रिप्ट चालू द्या: स्क्रीन उभी करायची, स्क्रीनसेव्हर आणि झोप बंद करायची, मग क्रोमियम ब्राउझर किऑस्क मोडमध्ये, म्हणजे पडदाभर आणि बाकी बटणं न दाखवता उघडायचं. क्रोमियम कधी कोसळलं तर ते परत उघडेल अशा लूपमध्ये ठेवा. क्रोमियम उघडायच्या आदेशात इन्कॉग्निटोचा स्विच द्या, म्हणजे लाईट गेल्यावर 'मागची पानं उघडू का' असं विचारणार नाही. दोन बोटांनी मोठं-लहान होणं बंद करणारा डिसेबल-पिंच हा स्विच द्या, म्हणजे आजोबांचा अंगठा चुकून लागला तरी फोटो फुगणार नाही. आडवं बोट ओढल्यावर मागच्या पानावर जाणंही बंद होतं, त्यासाठी ओव्हरस्क्रोल-हिस्टरी-नॅव्हिगेशन शून्य करा. क्रोमियमच्या पॉलिसीत यूआरएल ब्लॉकलिस्टमध्ये नुसती चांदणी (*) टाका म्हणजे सगळं बंद, आणि अलाउलिस्टमध्ये तुमचे दोन पत्ते तेवढे लिहा. पानावर दोन मिनिटं कुणी हात लावला नाही तर पहिल्या पानावर परत जायचं.

लाईट आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय बायोसमध्ये, म्हणजे विंडोज किंवा डेबियनच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये असते. 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तत्सम नाव असेल, तिथे 'पॉवर ऑन' निवडा.

उंचीकडे लक्ष द्या. ४३ इंची स्क्रीन उभी केली की ९५ सेंटिमीटर उंच होते. खालची कड ७५ वर असेल तर वरची १७० वर जाते. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचा हात साधारण १२० सेंटिमीटरपर्यंत पोचतो. म्हणून फोटो वरच्या अर्ध्या भागात आणि सगळी बटणं खालच्या अर्ध्यात ठेवा. बटण निदान दोन सेंटिमीटरचं, दोन बटणांत बोटभर अंतर.

---

पेठेतली ग्रंथपाल | ३ डिसेंबर

भाच्यानं रविवारी बसून डेबियन टाकलं. लाईट मुद्दाम चार वेळा घालवून बघितली, चारही वेळा आपोआप पहिल्या पानावर आलं. पण नवीनच घोटाळा झालाय. चित्र उभं झालं आणि स्पर्श आडवाच राहिला. वर बोट लावलं की बाजूला दाबलं जातं. भाचा नोकरीवर परत गेला.

---

कर्वेनगर | ३ डिसेंबर

साहजिक आहे. चित्र एचडीएमआयच्या वायरीनं जातं आणि स्पर्श यूएसबीच्या वायरीनं येतो. तुम्ही चित्राला वळायला सांगितलंत, स्पर्शाला कुणी सांगितलंच नाही. एक्सइनपुट या आदेशानं टचचं 'कोऑर्डिनेट ट्रान्सफॉर्मेशन मॅट्रिक्स', म्हणजे स्पर्शाची जागा चित्राशी जुळवणारे नऊ आकडे, बदला. चित्र उजवीकडे वळवलं असेल तर आकडे असे: ० १ ० -१ ० १ ० ० १. डावीकडे वळवलं असेल तर: ० -१ १ १ ० ० ० ० १. मधली मोकळी जागा आणि उणे चिन्ह जिथल्या तिथे हवं.

स्क्रिप्टमध्ये टचचं उपकरण नावानं लिहा, क्रमांकानं नको. क्रमांक पुढच्या वेळी सुरू केल्यावर बदलू शकतो, मग आज चालेल आणि उद्या नाही. यूएसबीची वायर काढून परत लावली तरी हे आकडे पुसले जातात, म्हणून ती वायर स्टँडला पट्टीनं बांधून टाका.

---

अर्धा र | ४ डिसेंबर

ग्रंथसूचीत शोध नीट लागतो का तेही बघून घ्या. आमच्या वाचनालयात 'ताऱ्यांची' असं शोधलं की शून्य पुस्तकं यायची आणि कपाटात तीन उभी. कारण 'ऱ्या' दोन प्रकारे टाईप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला वेगळे. नोंदी दहा वर्षांत चार जणांनी चार कीबोर्डवर केलेल्या असतात. आम्ही सगळ्या नोंदी एका रूपात बदलून घेतल्या आणि शोधताना टाईप केलेला शब्दही त्याच रूपात बदलतो. कोहामध्ये शोधाचं काम झेब्रा करतो, त्याचं इंडेक्सिंग आयसीयूवर (वेगवेगळ्या लिप्या हाताळणाऱ्या युनिकोड पद्धतीवर) आहे ना, हे तपासा. देवनागरीला ते लागतंच.

दुसरं म्हणजे पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी लिहिलेली आहे का बघा. नसेल तर काही फॉन्ट ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतात, आणि जुन्या वाचकांना ते लगेच खटकतं. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मोठ्या आकारात सुंदर दिसतो.

---

पेठेतली ग्रंथपाल | १६ डिसेंबर

उशिरा लिहितेय, दोन आठवडे नोंदी दुरुस्त करण्यात गेले. 'ऱ्या'च्या दोन रूपांच्या १४० नोंदी निघाल्या. अर्धा र, तुम्ही लिहिलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं.

मॅट्रिक्सचे आकडे फोनवरून भाच्याला वाचून दाखवले, त्यानं तिकडून लिहून दिले, बोट जागेवर आलं. टाईप करायचा कीबोर्ड मी पडद्यावरून काढूनच टाकला. त्याऐवजी लेखकाच्या आडनावाचं पहिलं अक्षर निवडायचं, अ पासून ज्ञ पर्यंत चौकोन. पाटीवरच्या अक्षरांसारखे दिसतात. भाषेची दोन बटणं आहेत, मराठी आणि तेलुगू, दोन्ही आपापल्या लिपीत लिहिलेली. आधी 'तेलुगू' देवनागरीत लिहिलं होतं. ज्याला देवनागरी वाचता येत नाही, त्याच्याचसाठी ते बटण आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

सात रस्ता दादा, तुमच्या बोलण्यावरून सुताराकडून सागवानी पट्टी करून घेतली. चौकटीच्या चार बोटं खाली, थोडी पुढे आलेली, कडा गोल घासलेल्या. स्टँडला दोन बोल्टनी घट्ट बसवली. मी स्वतः सगळा भार टाकून बघितला.

काल जॉबर आजोबा आले. मी बोलावलं नाही, पेपरचा स्टँड तेवढा स्क्रीनजवळ सरकवून ठेवला होता. पेपर वाचून झाल्यावर ते उठले, डाव्या हातानं पट्टी धरली आणि थोडा वेळ नुसतेच उभे राहिले. मग गिरणीचं बटण दाबलं. फाटकाचा फोटो आला. बोट काचेपासून लांब ठेवून ते एकेक माणूस दाखवायला लागले. मी वही आणायला धावले, परत येईपर्यंत चार नावं सांगून झाली होती, ती परत सांगायला लावली. सहाव्या माणसापाशी थांबले. म्हणाले, "ह्याचं आडनाव आठवंना. वाइंडिंगला हुता. उद्या सांगतो."

आता माझी एक अडचण राहिलीय. फोटोंखालचा तेलुगू मजकूर एका मुलीनं लिहून दिलाय, पण तो तपासणारं कुणी नाही. हुतात्म्यांच्या पानावर चूक राहिलेली मला चालणार नाही. एकूण ३८ ओळी आहेत. पूर्व भागातलं कुणी ७ जानेवारीच्या आत वाचून देईल का? वाचनालय सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ४ ते ८ उघडं असतं.

---

सात रस्ता | १६ डिसेंबर

ताई, माझी आई तेलुगू शाळेत शिकलेली आहे. रविवारी सकाळी नऊला तिला घेऊन येतो. ओळी कागदावर मोठ्या अक्षरात छापून ठेवा, तिला चष्मा लावूनही बारीक दिसत नाही. आणि येताना मी तुम्हाला नवीन ब्रश आणतो, रंगकामाचा वापरलेला असेल तर त्याचे केस काचेवर ओरखडे काढतात.